आणि पार्टी

इराप्पा पेंटर अक्षरामागं आठ आणे घ्यायचा.
म्हणून असेल, बॅनरच्या मराठी अंगाला
एवढंच आलं: शालन बसुर्तेकर आणि पार्टी.
त्या 'आणि'च्या पलीकडं आम्ही तिघं.
दुसऱ्या अंगाला कन्नड होतं.
कन्नड मला ऐकता येतं, वाचता येत नाही.

त्याआधी आमचं नाव 'तिसरं गेट'.
टिळकवाडीत, फाटकाजवळ,
दस्तगीरच्या रेग्झिनच्या दुकानात,
शटर गुडघ्याइतकं वर ठेवून गायचो चौघं.
आग्नेसच्या मामानं बोटीवरनं आणलेली तबकडी,
कव्हरावर चार काळे तरुण,
एकाच कापडाचे सूट, एकाच बाजूला झुकलेले.
शब्द कळत नव्हते. मी देवनागरीत उतरवले,
दस्तगीरनं कन्नडात.
कळलं ते इतकंच की
एक जण पुढं उभं राहून रडतो
आणि तिघं त्याला मागनं धरून ठेवतात.

रडायचं शालननं.
धरायचं मी, खालच्या सुरात,
म्हणजे एकट्यानं म्हटलं तर
गाणं वाटणारच नाही असं काहीतरी.
न्हाणीत म्हणायला लागलो की
आई बाहेरनं विचारायची,
पोटात दुखतंय काय रे कल्लाप्पा?

सात दहाला मिरज पॅसेंजर.
फाटक पडायचं, बरण्यांतले खिळे वाजायचे,
नेमकं दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी.
आम्ही श्वास धरून थांबायचो,
दस्तगीर डबे मोजायचा बोटांवर,
अकरावा गेला की शालन उचलायची.
तबकडीत ती जागा नाही.

एकदा कव्हरावर बोट ठेवून आग्नेस म्हणाली,
हा मधला, हा पुढं एकटा गेला म्हणे.
आणि बाकीचे?
ते लिहिलेलं नाही.

शालन बेंगळूरला गेली रात्रीच्या गाडीनं.
सोबत दोन किलो कुंदा, कुणाला वाटायला कुणास ठाऊक.
गल्ली दोन दिवस तापली:
मुंबईला गेली असती तर एक वेळ चाललं असतं.
मला मुंबईही चालली नसती.
शहापुरात एकाच ताग्यातनं शिवलेले आमचे चार कोट,
तिचा इथंच राहिला.
दस्तगीरनं त्याचं लूनाच्या सीटला कव्हर केलं,
आणि पुढं ती लूनाच विकली.

वर्षानं आग्नेस गेली मडगावला, तीही एकटीच.
पावसाच्या आत परत आली.
मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.
चर्चमध्ये तेवढी मागच्या बाकावर बसायला लागली.

परवा धारवाडच्या बसमध्ये,
कित्तूर मागं पडलं तेव्हा,
ड्रायव्हरच्या रेडिओवर शालन.
आवाज जाड झालाय, घासलाय,
शब्द कन्नड, चाल तीच.
मागं पाचसहा भाड्याचे गळे, सुरात, स्वच्छ,
कुणीच कुणाला धरलेलं नाही.
दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी ती थांबली.
सगळं थांबलं, वाद्यंसुद्धा.
शेजारच्याला वाटलं रेडिओ बिघडला.
मी बोटांवर मोजत होतो. नऊ, दहा,
अकरा.
तिनं उचललं
आणि माझ्या तोंडातनं ते खालचं निघून गेलं,
बऱ्यापैकी मोठ्यानं.

एनायतु? शेजारचा दचकून म्हणाला.
काही नाही, म्हटलं. मागचं आहे.
त्याला मराठी कळलं की नाही कोण जाणे,
त्यानं पिशवी जरा पलीकडं घेतली.

गाणं संपल्यावर निवेदक म्हणाला,
शालन मत्तु संगडिगरु.
संगडिगरु. सवंगडी.

रात्री दस्तगीरला फोन लावला.
बॅनरच्या त्या अंगाला काय होतं रे?
'हेच होतं की,' म्हणाला,
'तू कधी फिरून बघितलास काय?'
सात वाजून गेले होते.
दुकानात अजून तोच बसतो, शटरही तेच,
पण फोनवर मागनं काहीच ऐकू येत नव्हतं.
फाटक काढलंय तिथलं. आता पूल आहे.